‘गूगलवर पहिला नंबर’ विकणारे कसे ओळखावेत

कोल्हापुरात चप्पल लाइनमधलं दुकान असो की शाहूपुरीतलं, फोन एकच येतो: ‘गूगलकडून बोलतोय, महिन्यात पहिला नंबर, गॅरंटी.’ तिथेच फोन ठेवा. जाहिरातींखालच्या निकालांतली जागा गूगल विकत नाही, तिची हमी कुणीच देऊ शकत नाही. गूगल मॅप्सवर दुकानाचा पत्ता-फोन दाखवणारं बिझनेस प्रोफाइलही फुकट असतं.

वेबसाइट वर आणण्याचं काम एखाद्या एजन्सीला द्यायचंच असेल तर आधी विचारा, नंबर कुठल्या शब्दांवर? दुकानाच्या स्वतःच्या नावावर वर आणून दाखवणं सोपं असतं. ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला ते नाव ठाऊकच नसतं!

खरा फटका मालकीत बसतो. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एजन्सीच्या नावावर असलं की व्यवहार मोडल्यावर वेबसाइट अडकते. म्हणून डोमेन आपल्याच ईमेलवर घ्या. प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्हीच राहा, त्यांना फक्त मॅनेजर करा. सर्च कन्सोल, म्हणजे गूगल शोधात आपली वेबसाइट कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन, तेही आपल्याच खात्यात जोडा आणि महिन्यातून एकदा त्यातलं ‘लिंक्स’ उघडा; कुठल्या साइटी तुमच्या वेबसाइटची लिंक देतात ते तिथे दिसतं. दुकानाशी संबंध नसलेल्या जुगाराच्या साइटींची रांग दिसली तर एजन्सीला जाब विचारा. नंबर वर नेण्यासाठी विकत घेतलेल्या लिंक्स गूगलच्या नियमांत बसत नाहीत. सर्च कन्सोलमधल्याच ‘मॅन्युअल ॲक्शन्स’मध्ये नोंद असेल तर गूगलची कारवाई झालीच आहे.

ओटीपी कुणालाही देऊ नका. फसवून पैसे काढले गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.