हिंसा सोसलेल्या बायकांसोबत काम करायचंय? मग आधी फाइलचा कोपरा वाचा

अशा संस्थेत काम करायचं तर कुठली डिग्री लागते हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. तर ते पटकन सांगून टाकते, सोशल वर्क, सायकॉलॉजी किंवा लॉ झालेलं असेल तर मुलाखतीपर्यंत पोचणं सोपं जातं, पण अकाउंट्स बघणारे, डेटा भरणारे, शेल्टरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या, कोर्टात सोबत जाऊन नुसतं बाकावर बसणाऱ्या, सगळेच लागतात. मी स्वतः कॉमर्सची. खरं शिक्षण आत गेल्यावरच होतं आणि माझं एका चुकीतून झालं, तीच सांगते (ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही).

दुसराच आठवडा होता. एका बाईंचा फॉलोअप कॉल करायचा होता, मी फाइल उघडली, नंबर दिसला, लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज, "कोण बोलतंय?" आणि मी शहाण्या मुलीसारखं संस्थेचं नाव सांगितलं! दोन सेकंद काहीच नाही, मग फोन कट. मग फाइल नीट बघितली तर वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनने लिहिलेलं, "फक्त मंगळवारी ११ ते १, दुसरं कुणी उचललं तर राँग नंबर म्हणायचं." माझ्या पोटात गोळा आला. त्या बाई दहा दिवसांनी आल्या, त्या रात्री काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारायची हिंमतही केली नाही. फक्त म्हणाल्या, "ताई, फोन नका करू आता, मीच येत जाईन."

तर सुरक्षित नंबर कुठला, वेळ कुठली, व्हॉट्सॅप चालेल का, व्हॉइस मेसेज ठेवायचा का, हे इंटेकच्या (पहिल्या भेटीतल्या नोंदणीच्या) वेळीच विचारायचं आणि दर भेटीत परत विचारायचं, कारण घरातली परिस्थिती बदलते आणि फोनही दुसऱ्याच्या हातात जातो.

दुसरं म्हणजे लिहिणं. ती जे बोलली तेच लिहायचं, तिच्या शब्दांत. ती म्हणाली "गळा दाबला" आणि आपण लिहिलं "पतीशी वाद", तर संपलंच, पुढे ती फाइल वकिलाला किंवा डॉक्टरला काहीच सांगत नाही. गळा दाबण्याबद्दल तर मुद्दाम विचारावं लागतं कारण बाहेरून वळ दिसेलच असं नाही आणि बायका ते सहज बोलता बोलता सांगून पुढे जातात. जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन नर्सने १९८० च्या दशकात जीवाला धोका किती आहे ते जोखायची एक प्रश्नावली तयार केली, त्यात हा प्रश्न आहे, शिवाय घरात शस्त्र आहे का, मारून टाकायची धमकी दिलीय का, नुकतीच वेगळी झालीय का हेही आहे. हे शेवटचं मला आधी कळायचंच नाही, मला वाटायचं बाहेर पडली म्हणजे सुटली. उलट निघायचा दिवस आणि त्यानंतरचे आठवडेच सगळ्यात धोक्याचे. म्हणून "मग सोडत का नाहीस?" हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही, तिने तो हिशोब आपल्यापेक्षा जास्त वेळा केलेला असतो. त्याऐवजी सेफ्टी प्लॅनवर बसायचं, कागदपत्रं कुणाकडे ठेवता येतील, शेजारणीला सांगायचा कोडवर्ड काय, फोनचं लोकेशन कुणाला दिसतंय, मुलं शाळेतून कोण आणणार. कंटाळवाणं वाटतं पण ह्यातच तास जातात आणि जायला हवेत.

लैंगिक हिंसेची केस असेल तर घड्याळ डोक्यात ठेवा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, गर्भ राहू नये म्हणूनच्या गोळ्या ५ दिवसांपर्यंत चालतात. हे आधी सांगायचं, पोलिसांकडे जायचं की नाही ते ती ठरवेल. आणि "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, समोर अल्पवयीन मूल असेल तर बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच कळवावं लागतं, ती मर्यादा सुरुवातीलाच सांगितलेली बरी.

बायका त्याच घरी परत जातात. हे पचायला मला वर्ष लागलं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी चिडून फाइलवर "बंद" लिहायला गेले तर आमच्या सीनियर ताईंनी फाइल हातातून घेतली आणि ड्रॉवरमध्ये वरच ठेवली, "खाली टाकू नकोस, लागेल." सात महिन्यांनी लागली.

फंडरला, म्हणजे संस्थेला पैसे देणाऱ्यांना, मात्र रिपोर्टमध्ये "यशस्वी केसेस" किती ते हवं असतं, आता परत आलेली बाई कुठल्या रकान्यात टाकायची? २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर जगभर बायकांवरच्या हिंसेविरोधात सोळा दिवसांची मोहीम चालते, तेव्हा तर पोस्टर, भाषणं, फोटो यातच अर्धी टीम अडकते आणि हेल्पलाइन वाजतच असते (ह्यावर मी ऑफिसमध्ये भांडलेय, हरलेय). पगार कमी आणि प्रोजेक्ट संपला की कॉन्ट्रॅक्ट संपतं, हे धरूनच या.

स्वतःबद्दलही थोडं. वर्षभरात वरच्या मजल्यावर काही आपटलं तरी मी दचकायला लागले होते, घरी कुणी जरा आवाज चढवला की मनात फॉर्म भरायला सुरुवात. ऐकून ऐकून होणारा हा त्रास खरा आहे, त्याला व्हायकेरियस ट्रॉमा म्हणतात. म्हणून मुलाखतीत तुम्हीही विचारा, एका जणीकडे किती केसेस असतात, सुपरव्हिजन (अनुभवी व्यक्तीसोबत बसून केसेसबद्दल आणि स्वतःच्या ताणाबद्दल बोलणं) कोण देतं आणि किती दिवसांनी, रात्रीचा फोन कुणाकडे, मारणारा माणूस थेट ऑफिसात आला तर काय करता. याची उत्तरं द्यायची सोडून कुणी "आपण सगळे एक कुटुंबच आहोत" म्हणालं तर जरा सावध, ह्या कामात कुटुंब शब्द ऐकून कान टवकारायची सवय लागतेच.

मी आता नवीन आलेल्यांना पहिला आठवडा फोन लावू देत नाही. फायली वाचायच्या, आणि लाल पेनने काय लिहिलंय ते मला येऊन सांगायचं.