जून भेंडी आणि कोरा इम्पीरियल

अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षी माझा हात आखडला. पहिल्या वर्षी वार्षिक प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं, तेच नडलं. पुढचं प्रत्येक चित्र त्याच्याहून सरस व्हायला हवं, असं मीच ठरवून टाकलं. हँडमेड कागदाचा इम्पीरियल, म्हणजे 22 बाय 30 इंचांचा ताव, पाणी मारून गमटेपने बोर्डवर ताणायचा, वाळू द्यायचा, आणि मग नुसतं बघत बसायचं. तीन आठवड्यांनी त्यावर धूळ दिसायला लागली.

सुटका झाली ती स्वयंपाकघरात. आई भेंडी चिरत होती. देठाकडचे तुकडे उचलले, उरलेल्या पोस्टर कलरमध्ये बुडवले आणि जुन्या लाइट बिलाच्या पाठीवर उमटवले. बालवाडीतला उद्योग! कोवळी भेंडी दाबली की चेपते. जून असेल तर पाच पाकळ्यांचं फूल लख्ख उठतं. रंग दाट हवा, नाहीतर बियांच्या खळग्यांत साचतो आणि डबकं होतं. असंच एक डबकं झालं. त्याला बॉलपेनने चोच काढली, दोन काटकुळे पाय काढले. जेवायला हाक येईपर्यंत बिलावर अकरा पक्षी होते.

आर्टला नव्याने आलेल्यांना म्हणून सांगते, खेळायला कागद रद्दीतलाच घ्या. महागड्या कागदावर खेळ होत नाही, तिथे हिशोब सुरू होतो. दुसरं, खोडता येणार नाही असं पेन घ्या. मी एसटी स्टँडवर बसून कागदाकडे न बघता माणसं काढायची. नजर माणसाच्या कडेवरून हळूहळू सरकवायची आणि हात तिच्या मागोमाग न्यायचा. नाक कानापाशी जातं, पिशवी खांद्यातून उगवते. पण पाठीचा बाक कधीकधी असा सापडतो की बघून काढताना सापडला नसता. होस्टेलवर चिठ्ठी दुमडून एकाने डोकं, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय काढायचा खेळ चालायचा. पॅरिसच्या सर्रिअलिस्टांनी, म्हणजे स्वप्नं आणि योगायोगातून कला करणाऱ्या मंडळींनी, 1925च्या सुमारास हाच खेळ शोधून काढला होता, हे मला फार नंतर कळलं. तोवर आम्ही त्याला ‘भुतं’ म्हणायचो.

आणि हे इन्स्टावर टाकू नका. लाइक मोजायला लागलात की पुन्हा प्रदर्शनच झालं की.

अॅनाटॉमी, म्हणजे शरीराची ठेवण काढणं, कच्ची असेल तर मात्र भेंडी काही कामाची नाही, तिथे मुकाट्याने स्केचिंगच करावं लागतं. माझंही हाताच्या पंजांचं तेच होतं, आणि अजून आहे.

तो ताणलेला इम्पीरियल मी शेवटी कटरने सोडवला आणि त्याचे सोळा तुकडे केले. दहा फुकट गेले. अकराव्यावर बिलावरचा तो पहिला पक्षी पुन्हा काढला. सबमिशनच्या पोस्टरवर तोच गेला, तिरक्या चोचीसकट. सरांनी विचारलं, “हा कुठला पक्षी?”

“भेंडीतला,” म्हटलं.