ड्रम गाडीत चढवण्यापूर्वी: ज्वलनशील व स्वयंअभिक्रियाशील रसायनांच्या वर्गीकरणाची तयारी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा येथील कारखान्यातून रसायनांचा माल कोगनोळीमार्गे कोल्हापूरकडे किंवा चोर्ला घाटातून गोव्याकडे पाठवायचा असेल, तर आधी गाडी न ठरवता मालाचा धोक्याचा वर्ग ठरवावा. कारण पॅकिंग, चालक, शेजारी ठेवायचा माल आणि आग लागल्यास वापरायचे साधन हे सारे त्या एका निर्णयावर अवलंबून असते. वर्ग ठरवताना ‘थिनर’, ‘हार्डनर’, ‘कोटिंग’ अशा दुकानातल्या नावांवर विसंबू नये, कारण एकाच नावाच्या दोन डब्यांत निराळी द्रव्ये असू शकतात. पुरवठादाराकडून नेमक्या त्याच उत्पादनाचा एमएसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) मागवावा आणि त्यातील धोक्याची ओळख, भौतिक गुणधर्म, स्थिरता व वाहतूक हे विभाग स्वतः वाचावेत. वाहतुकीच्या विभागात दिलेला यूएन नंबर (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), वर्ग आणि पॅकिंग ग्रुप (धोक्याची तीव्रता; 1 सर्वांत जास्त) हे गुणधर्मांच्या आकड्यांशी जुळतात का, ते ताडून पाहिल्याशिवाय कागद फायलीला लावू नये.

ज्वलनशील द्रवांच्या बाबतीत दोन आकडे पुरेसे असतात: फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) आणि उकळण्यास सुरुवात होण्याचे तापमान. बंद कपातील चाचणीत फ्लॅश पॉइंट 60 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी निघाला, तर द्रव वाहतुकीच्या वर्ग 3 मध्ये येतो. तो 35 अंशांपर्यंतच उकळू लागत असेल तर पॅकिंग ग्रुप 1. त्याहून वर उकळणारा पण फ्लॅश पॉइंट 23 अंशांखाली असलेला द्रव ग्रुप 2. आणि 23 ते 60 अंशांच्या दरम्यानचा ग्रुप 3. आपल्याकडील फाउंड्रींत साच्यावर फासण्याच्या अल्कोहोलयुक्त कोटिंगमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. त्याचा यूएन नंबर 1219 असून फ्लॅश पॉइंट सुमारे 12 अंश आहे, म्हणजे बेळगावच्या थंडीतल्या दुपारीही उघड्या कॅनवर पेट घेण्याजोगी वाफ तयार असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि मोल्डिंगच्या खड्ड्यात साचते. म्हणून कोटिंगचे कॅन खड्ड्याच्या काठावर ठेवू नयेत. टोल्यूइन हा ज्वलनशील द्रावक ओतताना स्थिर वीज साठते, त्यामुळे ड्रम आणि कॅन तारेने एकमेकांस जोडून अर्थिंग द्यावे, व तारेचा चिमटा रंगावर न लावता खरवडून उघड्या केलेल्या धातूवर लावावा.

साठवणुकीसाठीच्या पेट्रोलियम नियमांत मात्र वर्गवारी निराळी आहे: फ्लॅश पॉइंट 23 अंशांखाली असल्यास अ वर्ग, 23 ते 65 ब वर्ग, 65 ते 93 क वर्ग. साठवणुकीचा परवाना आणि वाहतुकीचे लेबल या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र नोंदी ठेवाव्यात, म्हणजे घोळ होत नाही.

अधिक जपावे लागते ते स्वयंअभिक्रियाशील पदार्थांना, आणि नेमके तिथेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. टोल्यूइनला पेटण्यासाठी हवा आणि ठिणगी लागते. या पदार्थांना हवेतल्या ऑक्सिजनचीही गरज नसते, नुसत्या उष्णतेने त्यांचे विघटन सुरू होते आणि त्यातून निघणारी उष्णताच ते वाढवत नेते. त्यामुळे ‘धूम्रपान मनाई’ची पाटी येथे अपुरी पडते. हे पदार्थ वर्ग 4.1 मध्ये येतात आणि चाचण्यांनुसार त्यांचे ए (सर्वांत धोकादायक) ते जी असे प्रकार पाडले जातात. ज्या पॅकिंगमध्ये चाचणी झाली, त्या पॅकिंगमध्ये ए प्रकार वाहतुकीस स्वीकारलाच जात नाही. प्रकार ठरवणे हे प्रयोगशाळेचे काम आहे, कारखान्याने तो अंदाजाने लिहू नये.

कारखान्याने पाहायचा आकडा म्हणजे एसएडीटी, अर्थात त्या पॅकिंगमध्ये विघटन स्वतःच वेग घेऊ लागते ते किमान तापमान. तो 55 अंश किंवा कमी असल्यास माल तापमान राखूनच न्यावा लागतो. बहुलकीकरणासाठी (प्लास्टिकसारखे पदार्थ बनवण्यासाठी) वापरल्या जाणाऱ्या एआयबीएन या रसायनाचा एसएडीटी 50 अंश, नियंत्रण तापमान (वाहतुकीत ज्याच्या वर जाऊ द्यायचे नाही) 40 आणि आपत्कालीन तापमान (ज्याला पोहोचताच आपत्कालीन उपाय सुरू करायचे) 45 अंश आहे. एप्रिल-मे महिन्यात निपाणी किंवा चिकोडीच्या उन्हात उभ्या केलेल्या बंद टेम्पोत आतली हवा 40 अंश सहज ओलांडते. पॅकिंग मोठे होईल तसा एसएडीटी खाली येतो, कारण आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही; म्हणून जागा वाचवण्यासाठी छोट्या पिशव्यांतला माल एका ड्रममध्ये रिकामा करणे हे कटाक्षाने टाळावे. आम्ल, अल्कली व जड धातूंची संयुगे मिसळल्यानेही विघटन सुरू होऊ शकते. फोमसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅझोडायकार्बोनामाइडचे विघटन-तापमान झिंक ऑक्साइडमुळे उतरते, तेव्हा दोहोंसाठी एकच मापपात्र वापरू नये. पात्रे वेगळ्या रंगांची करून नावे घालावीत.

फायबरग्लासच्या कामातील एमईके पेरॉक्साइड हार्डनर हा सेंद्रिय पेरॉक्साइड असून त्याचा वर्ग 5.2 आहे. तो आणि कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, दोन्ही एका कपाटातही ठेवू नयेत. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरा घालावा. फाउंड्रीतील फेरोसिलिकॉन या मिश्रधातूमध्ये सिलिकॉन 30 टक्के किंवा अधिक, पण 90 टक्क्यांहून कमी असेल तर ते पाण्याशी अभिक्रिया करणाऱ्या वर्ग 4.3 मध्ये मोडते. खानापूरच्या पावसातून ते ताडपत्रीच्या भरवशावर पाठवू नये.

वर्ग ठरल्यानंतर गाडीकडे वळावे. चालकाने धोकादायक मालाचे प्रशिक्षण घेतल्याची परवान्यावर नोंद आहे का, ते पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 9 नुसार त्याला इंग्रजी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा लिहिता-वाचता आली पाहिजे. ट्रेम कार्ड (वाहतुकीतील आपत्कालीन सूचनांचे कार्ड) मालाच्या ढिगात न ठेवता केबिनमध्ये ठेवावे आणि निघण्यापूर्वी चालकाकडून, तो कन्नड बोलणारा असो वा मराठी, त्याच्या भाषेत वदवून घ्यावे: गळती दिसल्यास गाडी कुठे थांबवायची, कोणाला फोन करायचा, पाणी मारायचे की नाही. परतीच्या फेरीत येणारे रिकामे ड्रमही भरलेल्यांप्रमाणेच धरावेत, कारण तळाशी उरलेल्या थेंबांची वाफ ड्रमभर असते. ते धुऊन वाफमुक्त होईपर्यंत झाकण बंद ठेवावे, लेबल काढू नये आणि कापण्यासाठी वेल्डरच्या हाती देऊ नयेत.