गुलामांच्या यादीत आई कशी शोधावी: आठवी-नववीचा एक तास

जळगाव-धुळ्याकडे सुरुवात कापसापासून करा. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि खान्देशच्या कपाशीला भाव चढला. तिकडचा कापूस गुलाम वेचत होते, हे इथूनच सांगता येतं.

फळ्यावर १६६२ चा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा कायदा लिहा: मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरे. मालकच बाप असला तरी मूल त्याची मालमत्ता! १८०८ ला बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, देशातली विक्री मात्र चालूच राहिली.

आता १८६० च्या अमेरिकी जनगणनेतल्या गुलाम-यादीचं एक पान छापून वाटा. मालकाचं नाव आहे. गुलामांचं फक्त वय, लिंग, कातडीचा रंग. मुलं इथेच फसतात: २८ ची बाई, खाली ८ चा पोरगा, म्हणजे मायलेकरं. तसं धरू नका, ओळी पुष्कळदा वयाच्या उतरत्या क्रमाने असतात. मेलेल्या मालकाच्या मालमत्तेची यादी जास्त कामाची. तिथे तान्हं बाळ कधीकधी आईसोबत एकाच किमतीत लिहिलेलं सापडतं.

शेवटी १८६५ ला गुलामी संपल्यावर आयांनी ताटातूट झालेल्या मुलांसाठी वर्तमानपत्रांत दिलेल्या शोध-जाहिराती, सावकाश वाचून. लिलावाचं नाटक मात्र बसवू नका. पोरं हसतात आणि तास हातचा जातो.