संग्रहालयात निधी उभारणीची इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

कला-इतिहास शिकलेली मुलं असोत की एमबीएची, संग्रहालयाच्या फंडरेझिंग विभागात आल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकच काम करतात. कंपन्यांची लांबलचक एक्सेल यादी बनवतात आणि सगळ्यांना एकच मेल पाठवतात. उत्तर आलं नाही की मेलच्या इंग्रजीवर शंका घेतात. इंग्रजी सहसा ठीकच असतं. कंपनीच्या कोणत्या खिशातले पैसे मागतोय, हेच ठरवलेलं नसतं.

सीएसआरचा, म्हणजे कायद्याने सामाजिक कामासाठी ठेवायच्या पैशांचा खिसा वेगळा, मार्केटिंगचा वेगळा, उद्योगपती घराण्याच्या न्यासाचा आणखी वेगळा. प्रत्येकाचे साहेब वेगळे आणि त्यांचे प्रश्नही वेगळे.

सर्वात जास्त घोळ सीएसआरमध्ये होतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचं निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन आहे. इथवर सगळे वाचतात. मग प्रस्तावात लिहितात, ‘आपल्या सीएसआर निधीतून प्रदर्शन व्हावं, बदल्यात प्रवेशद्वारावर आपल्या नव्या उत्पादनाची जाहिरात लावू.’ झालं, प्रस्ताव तिथेच संपला! उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरच्या नियमांत बसत नाही. फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी आखलेला कार्यक्रमही बसत नाही. हे दोन्ही मार्केटिंगकडे किंवा एचआरकडे न्या, तिथे खुशाल चालतील.

सीएसआरला द्यायचा प्रस्ताव वेगळा लिहा. त्यात जतन प्रयोगशाळेचं उपकरण, महापालिका शाळांच्या मुलांच्या भेटी, अंध प्रेक्षकांसाठी स्पर्शून पाहायच्या प्रतिकृती असं ठोस काहीतरी हवं. ‘समृद्ध वारशाचं संवर्धन’ एवढ्यावर कोणी चेक फाडत नाही. पहिल्याच पानावर संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरची कामं करणाऱ्या संस्थांना सरकारकडे नोंदणी केल्यावर मिळतो तो) द्या. २०२१ पासून त्याशिवाय अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला हा निधी घेता येत नाही.

पैसे आले आणि नावाच्या पाटीवरून वाद सुरू झाला, तर? ‘अमुक कंपनीच्या देणगीतून’ एवढीच कृतज्ञतेची पाटी असेल आणि व्यवसायाची जाहिरात नसेल, तर त्या देणगीवर जीएसटी लागत नाही, असं २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. पाटीवर उत्पादन, घोषवाक्य, क्यूआर कोड आला की ते प्रायोजकत्वाकडे झुकतं आणि कराचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे लोगो ‘थोडा मोठा’ करायचा फोन आला की लगेच ‘हो’ म्हणू नका. आधी लेखा विभागाला विचारा.

सीएसआर म्हणजेच सगळा निधी, हा समजही सोडा. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं पुनरुज्जीवन ज्या कराराने झालं, तो २००३ चा आहे. मुंबई महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा तो तिघांचा करार. सीएसआरचा कायदा त्यानंतर दहा वर्षांनी आला. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. अशा न्यासांशी नातं वर्षानुवर्षं जोपासावं लागतं. दोन महिन्यांच्या इंटर्नने त्यांना परस्पर मेल टाकू नये. ज्यांची ओळख आहे, त्या वरिष्ठांमार्फतच जावं.

वैयक्तिक देणगीदारांशी बोलताना ‘८०-जी (देणगीवरची आयकर वजावट) आहे, कर वाचेल’ असं सरसकट सांगू नका. बहुतेक संग्रहालय न्यासांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे, आणि तीही ठरावीक मर्यादेत. नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ही वजावटच नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवरही नाही. निवृत्त काकांना सवलतीचं आश्वासन द्यायचं आणि जुलैत रिटर्न भरताना त्यांचा फोन घ्यायचा, हा प्रसंग टळलेला बरा. देणगी घेतानाच त्यांचा पॅन घ्या, नाहीतर नंतर देणगीच्या प्रमाणपत्रासाठी त्यांच्या मागे लागावं लागतं.

परदेशातल्या मराठी मंडळींबाबत तर जास्तच सावध राहा. न्यू जर्सीत राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले देशपांडे स्वतःच्या बचतीतून देतात, ती परदेशी देणगी नव्हे. त्यांच्याच शेजारच्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असूनही त्यांची रक्कम एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येते. ती संस्थेची तशी नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असेल तरच घेता येते, आणि आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी. उत्साहाच्या भरात नेहमीच्या खात्याचा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात, तर निस्तरायला संस्थेचा सीए लागेल.

दालनातल्या गोष्टींचे शब्द देऊ नका. मूर्तींच्या शेजारी पार्टी, लघुचित्रांवर व्हिडिओचे दिवे, बंद दिवशी खास भेट, हे सगळं क्युरेटर आणि जतन विभाग ठरवतात. जुन्या कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात आणि ते परत येत नाहीत. देणगीदाराला ‘विचारून सांगतो’ म्हटलेलं कधीच खटकत नाही.

आता न आलेल्या उत्तरांबद्दल. आधी तारीख बघा. मार्चमध्ये सीएसआरवाले चालू वर्षाचा खर्च मार्गी लावण्यात बुडालेले असतात. तेव्हा नवा मोठा प्रकल्प घेऊन गेलात तर कोणी बघणार नाही, मात्र लगेच खर्च होईल अशी छोटी, तयार मागणी कधीकधी पटकन मंजूर होते. पुढच्या वर्षाच्या आराखड्यात शिरायचं असेल, तर बोलणी हिवाळ्यातच सुरू करा. मेलनंतर आठ-दहा दिवसांनी फोन करा आणि फोनवर ‘मेल मिळाला का?’ एवढंच विचारू नका, भेटीची वेळ मागा.

मागच्या देणगीचा हिशेब गेलाय का, हेही तपासा. विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला), फोटो, किती मुलं येऊन गेली याचा आकडा. हे न देता त्याच कंपनीकडे पुन्हा हात पसरणाऱ्या संस्था कमी नाहीत.

करार होण्याआधी लिंक्डइनवर ‘भागीदारीची घोषणा’ करू नका. देणगीदारांची यादी स्वतःच्या जीमेलवर घेऊ नका. आणि इंटर्नशिप संपण्याच्या आदल्या दिवशी कोणाशी काय बोलणं झालं, कोणी ‘दिवाळीनंतर फोन करा’ म्हणालं, ते सगळं विभागाच्या शीटमध्ये भरून ठेवा. तो फोन तुमच्या जागी येणाऱ्याला करायचा आहे.