लिस्बनच्या पास्तेलारियात शिरताना या चुका टाळा

काचेआड समोसा दिसला की परदेशात मराठी माणसाचा जीव भांड्यात पडतो. लिस्बनच्या पास्तेलारियात, म्हणजे तिथल्या बेकरी-कॅफेत, तिथेच फसगत होते. गोव्याशी असलेल्या जुन्या संबंधांतून समोसा पोर्तुगालला पोचला. तिथे त्याला ‘शामूसा’ म्हणतात आणि आत बटाटा नव्हे, बहुतेक वेळा बीफ किंवा चिकन असतं. शेजारचा अर्धचंद्राकार ‘रिसोल’ करंजीसारखा दिसतो, पण त्यात बऱ्याचदा कोळंबी निघते. ‘मिश्तु’ लिहिलेलं काहीही म्हणजे हॅम आणि चीज.

शाकाहारी असाल तर ‘तें कार्न?’ (मांस आहे का?) एवढं विचारून थांबू नका. अनेकांच्या लेखी हॅम आणि मासे ‘कार्न’मध्ये येतच नाहीत. ‘फियांब्र’ म्हणजे हॅम, ‘पैश’ म्हणजे मासा. हेही वेगळं विचारा. चुकून मांसाचा पदार्थ ताटलीत आलाच, तर घास घेण्याआधी लगेच सांगा. उष्टा पदार्थ कुणी परत घेणार नाही.

गोडात अंडं टाळणं जवळजवळ अशक्य आहे. तिथली जुनी मिठाई मठांमधून आली. पांढरा भाग कपड्यांना खळ द्यायला जायचा आणि उरलेल्या बलकांची मिठाई व्हायची, असं सांगतात. ‘तोसिन्यु दु सेऊ’ हा बदाम-बलकांचा केक, पण नावाचा अर्थ ‘स्वर्गातली डुकराची चरबी’, आणि पारंपरिक कृतीत ती खरोखर पडते. चरबीसाठीचा शब्द ‘बान्या’. अंडं अजिबात चालत नसेल तर जाड पावाचा लोणी लावलेला टोस्ट, ‘तोराडा’, मागा. आपला ‘पाव’ त्यांच्याच ‘पांव’वरून आलेला, त्यामुळे तो परका वाटत नाही.

बसायची घाई करू नका. गोव्याच्या घरापुढच्या ओसरीचं, ‘बाल्कांव’चं, नाव तिथे काउंटरलाही आहे. अनेक दुकानांत तिथे उभ्याने खाल्लं तर स्वस्त पडतं, टेबलाचे दर जास्त असतात आणि बाहेर फुटपाथवरचे त्याहून जास्त. काउंटरवर घेतलेली ताटली उचलून टेबलाशी जाऊन बसू नका. पैसे आधी की नंतर, हे दुकानागणिक बदलतं. पुढचं गिऱ्हाईक काय करतंय ते बघा. छोट्या दुकानात परदेशी कार्ड चालत नाही असं होतं, तेव्हा खिशात सुटे युरो हवेत. आणि आत शिरताच ‘बों दीया’ (शुभ सकाळ) म्हणायला विसरू नका, तिथे ते साधं सौजन्य आहे.

चहा मागितला तर बिनदुधाचा येतो. दूधवाली चव हवी असेल तर ‘गालांव’ घ्या, उंच ग्लासात भरपूर दूध घातलेली कॉफी. ‘बीका’ म्हणजे लहानशी कडक एस्प्रेसो.

लिस्बनच्या बेलें भागातलं, पापुद्र्याच्या कस्टर्ड टार्टसाठी प्रसिद्ध असलेलं 1837 सालचं दुकान अवश्य पाहा. त्या टार्टचं ‘पास्तेल द बेलें’ हे नाव फक्त तिथलं, बाकी सगळीकडे ‘पास्तेल द नाता’, थोडक्यात नाता. बाहेरची लांब रांग बघून परतू नका, ती बहुधा पार्सलची असते. आत निळ्या टाइल्सची मोठमोठी दालनं आहेत.

सर्वांत वाईट वाटतं ते पुण्यामुंबईला नेण्यासाठी डबे भरून नाता घेणाऱ्यांचं. तो पापुद्रा काही तासांतच मऊ पडतो. नाता भट्टीतून निघालेला, वर दालचिनीची पूड भुरभुरून, तिथेच खावा. हॉटेलवर नेलाच तर फ्रीजमध्ये ठेवू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नको. ओव्हन असेल तर पाचेक मिनिटं गरम करा, पापुद्रा पुन्हा थोडा कुरकुरीत होतो.