फोन टॅपिंगच्या आदेशाला हायकोर्टात आव्हान: आधी तारखा तपासा

‘माझा फोन ऐकला जातोय’ एवढ्या संशयावर रिट याचिका (सरकारच्या आदेशाविरुद्ध थेट हायकोर्टात करायचा अर्ज) टिकत नाही. हातात कागद हवा, आणि तो बहुधा दोषारोपपत्रातच सापडतो: संभाषणांचे उतारे, सोबत गृहसचिवांचा आदेश. आदेश जोडलेला नसेल तर खटल्याच्या कोर्टात अर्ज करून तो मागा. माहिती अधिकारावर फार विसंबू नका. सुरक्षेचं कारण दाखवून सहसा नकारच येतो. नकाराचं पत्र मात्र फाइलला लावा, याचिकेत उपयोगी पडतं.

आदेश मिळाला की एका कागदावर रकाने आखा: आदेशाची तारीख, पहिल्या रेकॉर्डिंगची तारीख, मुदतवाढ, आढावा समितीची (असे आदेश तपासणाऱ्या सचिवांच्या समितीची) नोंद. जुने आदेश टेलिग्राफ नियमांतल्या नियम ४१९-ए खालचे असतात. डिसेंबर २०२४ पासून दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम आले. सांगाडा तोच आहे. आदेशात कारणं लेखी हवीत. मुदत ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०. आदेशाची प्रत सात कामकाजी दिवसांत आढावा समितीकडे जायला हवी. तातडीत खालच्या अधिकाऱ्याने दिलेला आदेशही तेवढ्याच दिवसांत कायम व्हावा लागतो. यातला एखादा रकाना रिकामा राहिला तर युक्तिवाद तिथूनच सुरू करा. समितीचा रकाना तर हमखास तपासा.

मग कारणं वाचा. ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे शब्द नुसतेच उतरवलेले असतील तर मुंबई हायकोर्टाचा २२ ऑक्टोबर २०१९ चा निकाल पुढे करा. लाचखोरीच्या त्या प्रकरणात तीन आदेश रद्द झाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं गेलं. २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने तीच वाट धरली, दिल्लीने मात्र उलटी. सरकारी वकील दिल्लीचा निकाल काढणारच, उत्तर तयार ठेवा.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या या रिट याचिकेत तीन मागण्या वेगवेगळ्या लिहा: आदेश रद्द करा, रेकॉर्डिंग आणि सर्व प्रती नष्ट करा, खटल्यात त्यांचा वापर नको. तिसरी गाळली तर पंचाईत होते, कारण बेकायदा मिळवलेला पुरावा आपल्याकडे आपोआप बाद होत नाही.

सीएमएस (सरकारची केंद्रीय फोन-देखरेख यंत्रणा) किंवा नॅटग्रिड (तपास यंत्रणांसाठी माहितीसाठे जोडणारी यंत्रणा) अशा सरसकट यंत्रणेविरुद्ध जायचं तर ही मांडणी पुरत नाही. तिथे जनहित याचिका लागते, आणि कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाची, म्हणजे खासगीपणाच्या हक्काच्या निकालाची: कायद्याचा आधार आहे का, हेतू वैध आहे का, उपाय प्रमाणात आहे का. सगळ्यात कच्चा दुवा देखरेखीचा. आदेश देणारे सचिव, तपासणारेही सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही. सरकार सीलबंद लिफाफा (फक्त न्यायाधीशांनी पाहायचे, तुम्हाला न दाखवलेले कागद) पुढे करेल, तेव्हा ५ एप्रिल २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा: राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून करता येत नाही.

फोनमध्ये स्पायवेअरचा (गुपचूप पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) संशय असेल तर फॅक्टरी रीसेट करू नका, पुरावाच पुसला जातो. तज्ज्ञाकडून प्रत काढून हॅश मूल्य (प्रतीत बदल झाला नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) नोंदवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात ते लागतं. त्याचा दुसरा भाग तज्ज्ञानेच भरायचा असतो. पेगासस या स्पायवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडलं, पण ते पेगाससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. म्हणून याचिकेत स्पायवेअरचं नाव घेण्याआधी अहवालात नेमकं काय लिहिलंय ते शब्दशः पाहा.